झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. मुठीत काय आहे हे जोवर कोणी पाहिले नाही, तोवर तिचे मोल वाटेल तेवढे धरावे, असा तिचा आशय. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला मध्यम स्थितीतील गृहस्थाची नाडी अचूक सापडली होती, असे म्हणावयास हरकत नाही. निर्धनाची मूठ उघडीच असते. धनिक ती झाकतो खरा, परंतु त्याची कारणे निराळी. मधला मनुष्य मात्र आत फारसे काही उरले नाही हे कोणास कळू नये म्हणून ती रात्रंदिवस आवळून बसतो. मध्यमवर्गाच्या ओढग्रस्तीविषयी आपल्या देशात गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, तो समजून घेण्यास ही म्हण फार उपयोगी पडते.

वाद असा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे आकडे प्रसिद्ध झाले. कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२१-२२ मध्ये देशाच्या सकल उत्पादनाच्या ७.२ टक्के होती, ती २०२२-२३ मध्ये ५.१ टक्क्यांवर उतरली; आणि त्याच वर्षी कुटुंबांनी नव्याने पत्करलेले देणे ३.८ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर चढले. हे पाहून एक पक्ष म्हणाला, लोकांची शिल्लक संपत चालली असून ते कर्जावर दिवस काढीत आहेत. अर्थमंत्रालयाने लागलीच उत्तर दिले की, यात चिंतेचे कारण नाही. जून २०२० ते मार्च २०२३ या काळात कुटुंबांची देणी ४२.६ टक्क्यांनी वाढली असली तरी त्यांची आर्थिक मालमत्ताही ३७.६ टक्क्यांनी वाढली, आणि लोक कर्ज काढतात ते घरे व वाहने घेण्यासाठी. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये नेस्ले इंडियाचे तत्कालीन प्रमुख सुरेश नारायणन यांनी मधले गिऱ्हाईक आक्रसत चालल्याचे सांगितले, आणि वादाला पुनश्च तोंड फुटले. मार्च २०२५ अखेर बँकांची सोनेतारण कर्जे वर्षभरात दुपटीहून अधिक झाल्याचे दिसून आले. पहिला पक्ष म्हणाला, पाहा, स्त्रियांच्या अंगावरचे दागिने तिजोरीत चालले! दुसरा म्हणाला, सोन्याचा भाव चढला आहे, शिवाय काही कर्जांचे वर्गीकरणही बदलले आहे.

दोन्ही पक्षांचे आकडे खरे आहेत. तरीही वाद मिटत नाही, याचे कारण शोधावयाचे तर दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्या सोडून एखाद्या वस्तीत गेले पाहिजे. त्यासाठी आपण सचिनला जाऊ.

मुंबईहून सुरतेस जाताना नवसारी आणि मरोली मागे टाकली की सचिनचे स्टेशन लागते. या गावाचा आणि मराठी मुलखाचा संबंध जुना आहे. १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या तहान्वये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाला इकडील गावे मिळाली व सचिनची नवाबी उभी राहिली. १९४८ साली ती मुंबई प्रांतात विलीन झाली. आता नवाबी केवळ इतिहासात उरली आहे. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या येथील वसाहतीत यंत्रमागांची खाती, रंगाई-छपाईच्या गिरण्या व रसायनांचे कारखाने दाटीने उभे आहेत. शेजारीच हिरे व दागिने निर्यातीसाठी घडविणारे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. २०२० साली सचिन सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. येथे, आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत, धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली सहस्रावधी माणसे राहतात. घरी अहिराणी, बाजारात गुजराती आणि खात्यात हिंदी अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जातो. सुरतेच्या महानगरपालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात, यावरून ही वस्ती किती रुजली आहे हे ध्यानी यावे.

या वस्तीतील एका कुटुंबाची आपण कल्पना करू. कुटुंब काल्पनिक आहे. परंतु हिशेब असा मांडू की कोणाही वाचकाला तो आपल्या वहीशी ताडून पाहता यावा. पती, पत्नी, दोन शाळकरी मुले आणि पतीची वृद्ध आई, अशी पाच माणसे. पती यंत्रमागाच्या खात्यात देखरेखीचे काम करतो व महिन्याला २८,००० रुपये आणतो. पत्नी घरी साड्यांना लेस व टिकल्या लावून ५,००० मिळविते. एकूण प्राप्ती ३३,०००. खर्च असा: खोलीचे भाडे ८,०००, किराणा, दूध व भाजी ११,०००, शाळेचे शुल्क, रिक्षा व शिकवणी ५,५००, स्कूटरचा हप्ता २,५००, वीज, गॅस व फोन २,५००, आईचे औषधपाणी १,५००. बेरीज ३१,००० झाली. दोन हजार शिलकीत. संसार ठीक चालला आहे, असेच कोणीही म्हणेल.

आता कापडाला उठाव नाही म्हणून मालकाने पाळ्या कमी केल्या. पतीची प्राप्ती २२,००० झाली. साड्याच कमी निघू लागल्या म्हणून पत्नीचे काम ३,५०० वर आले. एकूण २५,५००. वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा की हे कुटुंब काय कमी करील? भाडे कमी करता येत नाही, कारण घरमालक दाराशी आहे. शाळेचे शुल्क थकविले तर मुलाचे नाव निघते. स्कूटरचा हप्ता चुकला तर वाहन ओढून नेतात, आणि वाहन गेले की पाळीवर वेळेत पोहोचणे कठीण. वीज, गॅस व फोन यांची बिले ठरलेली. या चार बाबींचे १८,५०० रुपये पहिल्या आठवड्यातच गेले. उरले सात हजार. पूर्वी स्वयंपाकघर आणि औषध मिळून साडेबारा हजार लागत होते. आता सगळे सात हजारांत भागविले पाहिजे.

म्हणजे तूट सारी तेथे जाऊन पडते जेथे ती कोणाला दिसत नाही. प्रथम दूध अर्धे होते, आणि तेही गृहिणीच्या चहातून. मग डाळ पातळ होते. म्हातारी आपण होऊन म्हणते की गुडघे आता बरे आहेत, गोळ्या नकोत. दातांच्या वैद्याकडे जाणे पुढील दिवाळीवर जाते. एवढ्यानेही भागले नाही म्हणजे मंगळसूत्र तेवढे ठेवून बाकीचे दोन डाग सोनेतारण कचेरीत जातात. परंतु स्कूटर दारात उभी असते, मुलांचे गणवेष इस्त्रीचे असतात, फोन वाजत असतो. शेजारी पाहतो, पाहुणा पाहतो, पाहणी करणारा सरकारी मनुष्यही पाहतो, आणि म्हणतो, यांचे काय वाईट आहे?

माझ्या मते वादाचे मूळ येथे आहे. सुबत्तेच्या ज्या खुणा आपण मोजतो त्या बहुधा करारांनी बांधलेल्या असतात, म्हणून त्या सर्वांत शेवटी हलतात. आणि ज्या गोष्टी प्रथम कमी होतात त्या चार भिंतींच्या आत असतात. वाहन घेतले गेले हे अर्थमंत्रालयाला दिसते व ते खरेच असते. त्या वाहनाचा हप्ता कोणत्या पातेल्यातून जातो, हे त्या आकड्यात येत नाही. उलट पक्षी, सोने गहाण पडले एवढ्यावरूनच हाहाकार माजला असे म्हणणेही घाईचे ठरेल. कारण पेरणीसाठी वा दुकानाच्या भांडवलासाठी सोने ठेवणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. कर्ज कशासाठी काढले हे बँकेच्या बेरजेत उमटत नाही, ते घरच्या वहीत उमटते.

शिवाय हे कुटुंब कोणत्या वर्गात बसवावे याविषयीही एकमत नाही. चांगल्या दिवसांतही त्याची वार्षिक प्राप्ती ३ लाख ९६ हजार होती. जानेवारी २०१९ मधील १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आठ लाखांची मर्यादा ठरली. त्या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी मान्यता दिली. त्या मापाने हे कुटुंब दुर्बल. ‘प्राइस’ या दिल्लीच्या संशोधनसंस्थेने २०२०-२१ च्या किमतींनुसार पाच ते तीस लाख उत्पन्नाच्या घरांना मध्यमवर्ग म्हटले. त्या मापाने ते मध्यमवर्गाच्या उंबरठ्याबाहेर. शासनाच्या २०२३-२४ च्या पाहणीत शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. आपल्या कुटुंबाचा खर्च माणशी ६,२०० होता, म्हणजे ते सरासरीच्या जवळपास. फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकात बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न नव्या पद्धतीत करमुक्त झाले व मध्यमवर्गाला मोठा दिलासा मिळाला, असे सर्वत्र छापून आले. या कुटुंबाला त्याचा स्पर्शही झाला नाही, कारण पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २०१९ पासूनच कर द्यावा लागत नव्हता. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ साली २१,००० रुपये ठरविण्यात आली. त्या मर्यादेने पाहिले तर पतीचे घटलेले वेतनही हजार रुपयांनी अधिकच भरते. गरिबांच्या पंगतीत त्याला जागा नाही, आणि मध्यमवर्गाच्या नावाने जे वाढले जाते ते त्याच्या पानापर्यंत येत नाही.

मापाविषयीचे हे भांडण आजचे नाही. सचिनच्या पलीकडच्या नवसारीशी ज्यांच्या घराण्याचे नाते, त्या दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला निबंध वाचला. देशातील माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये आहे, असे त्यांनी दाखविले. सरकारपक्षाने १८८२ साली सत्तावीस आणि पुढे लॉर्ड कर्झनच्या वेळी १९०१ साली तीस असे आकडे पुढे केले. परंतु दादाभाईंचे खरे कौशल्य त्या वीसच्या आकड्यात नव्हते. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राला सरकार स्वतः किती खर्च करते, ते त्यांनी सरकारच्याच कागदांतून काढले आणि त्या आकड्याशेजारी ठेवले. अपराधी मनुष्याला जगविण्यास जेवढे लागते, तेवढेही निरपराध रयतेच्या वाट्यास येत नाही, हे मग कोणालाही दिसले. मिळकतीचा आकडा एकटा मुका असतो; जगण्यास काय लागते हे शेजारी मांडले म्हणजे तो बोलू लागतो.

अमेरिकेसारख्या संपन्न देशातही नेमका हाच प्रश्न निघाला आहे. तेथील दारिद्र्यरेषा मॉली ऑर्शान्स्की या शासकीय सेवेतील विदुषीने १९६३ च्या सुमारास बांधली. त्या काळी कुटुंबाचा सुमारे एकतृतीयांश खर्च अन्नावर होई, म्हणून काटकसरीच्या आहाराच्या किमतीची तिप्पट ही रेषा धरली गेली, आणि भाववाढीनुसार ती वर सरकत आली. २०२५ मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी ती ३२,१५० डॉलर होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायकेल ग्रीन नावाच्या एका गुंतवणूक-व्यवस्थापकाने लिहिले की, घरभाडे, मुलांचा सांभाळ आणि औषधोपचार यांचा आजचा भार धरला तर ही रेषा १,४०,००० डॉलरवर नेली पाहिजे. मोठे वादळ उठले. अर्थशास्त्रज्ञ म्हणाले, हे तर्कट आहे. २०२४ मध्ये तेथील मधल्या घराचे उत्पन्नच ८३,७३० डॉलर होते, म्हणजे अर्ध्याहून अधिक देश दरिद्री ठरवावा लागेल. आक्षेप बिनतोड होता. तरीही असंख्य सामान्य कुटुंबांना त्या लेखात आपलेच चित्र दिसले, कारण ठरलेली देणी देऊन झाल्यावर हाती काय उरते, हा त्यांच्या मनातील प्रश्न त्याने उघडपणे विचारला होता.

या दूरच्या कुटुंबांशी सचिनचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. जगातील बहुतेक हिरे सुरतेच्या परिसरात पैलू पाडून निघतात आणि त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. तेथील तरुणाने वाङ्‌निश्चयाची अंगठी स्वस्त घेतली, किंवा खाणीतल्या हिऱ्याऐवजी प्रयोगशाळेत वाढविलेला घेतला, की येथील घंटीवरचे काम घटते. भारताची पैलूदार हिऱ्यांची निर्यात २०२१-२२ मध्ये २,४०० कोटी डॉलरांच्या वर होती. २०२४-२५ मध्ये ती सुमारे १,३३० कोटींवर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली तेव्हा घाव आणखी खोल गेला. रत्नकलाकाराला मजुरी बहुधा नगावर मिळते. नग नाही तर दाम नाही. तो रत्नकलाकार भाडे देतो, किराणा घेतो, बायकोसाठी साडी घेतो. म्हणून त्याची तूट वाण्याकडे, घरमालकाकडे आणि अखेर आपल्या यंत्रमागाच्या खात्यापर्यंत पोहोचते.

येथेही वाद झालाच. ३० मार्च २०२५ रोजी सुरतेच्या रत्नकलाकारांनी संप करून मोर्चा काढला व मजुरीत तीस टक्के वाढ मागितली. मंदी जगाची आहे, आम्ही कोठून द्यावी, असे कारखानदारांचे म्हणणे पडले. मे २०२५ मध्ये गुजरात शासनाने मदतीची योजना जाहीर केली. तिच्यात काम गमावलेल्या रत्नकलाकाराच्या मुलांचे शालेय शुल्क वर्षाला १३,५०० रुपयांपर्यंत भरण्याची तरतूद होती. कोणी म्हणाले, हे तुटपुंजे आहे. तुटपुंजे ते होतेच. तथापि त्या तरतुदीत एक शहाणपण होते, ते नाकारू नये. घरात पैसा आटला म्हणजे ज्या ठरलेल्या देण्यामुळे पातेले रिकामे होते, त्यांपैकीच एक तिने उचलले. मदत कोठे करावी याचा हा योग्य पाठ आहे.

आता उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहू. मध्यमवर्गाच्या अडचणींचा काही भाग त्याने आपल्या हाताने ओढवून घेतलेला असतो, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. लग्नात पाचशे पाने उठविणे, शेजाऱ्याने घेतला म्हणून मोठा दूरचित्रवाणीसंच हप्त्याने आणणे, हे आपण सारे पाहतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच. परंतु आपल्या कुटुंबाच्या वहीवर पुन्हा एकदा नजर टाका. भाडे, शाळा, औषध आणि कामावर नेणारे वाहन यांत चैन कोणती? अंथरूणच रातोरात आखूड झाले, तर पाय पसरल्याचा दोष कोणास द्यावा? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्या घरी सात हजारांचे धान्य येते त्याने, ज्याच्या घरी काहीच येत नाही त्याच्यापुढे रडू नये. हे मान्य केले पाहिजे. सचिनच्याच रस्त्यांवर रोजंदारीची वाट पाहत उभा असलेला मनुष्य आधी. त्याचा घास काढून मधल्याला देणे हा न्याय नव्हे. मात्र मधल्याची घसरण वेळीच थांबविली नाही तर तोच उद्या त्या रांगेत उभा राहतो, आणि रांग लांबते.

मग आपण काय करावे? राज्यकर्त्यांचे वाद राज्यकर्ते करतील. घरापुरते चार शब्द सांगावेसे वाटतात.

पहिले, वही दोघांनी मिळून लिहावी. नवरा तूट लपवितो आणि बायको उपास लपविते, अशा घरात हिशेब कधीच जुळत नाही. मोठ्या मुलांनाही खरे सांगावे. मुले आपण समजतो त्याहून समंजस असतात.

दुसरे, पहिल्याच महिन्यात ज्याचे देणे आहे त्याच्याकडे उघड जावे. शाळेच्या मुख्याध्यापकांना, घरमालकाला, हप्त्याच्या कचेरीला आधी सांगितले तर मुदत मिळण्याचा संभव असतो. तीन महिने चुकविल्यावर तो उरत नाही.

तिसरे, सोने ठेवावेच लागले तर व्याजाचा दर, मुदत आणि लिलावाची अट या तीन गोष्टी लेखी घेतल्यावाचून सही करू नये. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये केलेल्या नियमांनुसार कर्ज फिटल्यावर दागिने फार तर सात कामकाजी दिवसांत परत मिळाले पाहिजेत. हे नियम १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करण्याची मुदत कर्ज देणाऱ्या संस्थांना दिलेली होती.

चौथे, जे हक्काचे आहे ते मागण्यास लाजू नये. घरात सत्तरी ओलांडलेले मनुष्य असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेखाली उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय झाली आहे. वर सांगितलेल्या म्हातारीला गोळ्या नाकारण्याची पाळी आली तरी, इस्पितळ नाकारण्याची येऊ नये.

आणि एक शब्द मदतमंडळे व पतपेढ्या चालविणाऱ्या बंधुभगिनींना. अर्ज घेऊन आलेल्याच्या दारात स्कूटर आहे काय, हे पाहून निर्णय देऊ नका. गेल्या तीन महिन्यांत घरात काय येणे बंद झाले, एवढे विचारा. आणि तेही चारचौघांत नव्हे, त्याच्या घरी बसून विचारा. पुष्कळदा उत्तर त्या घरच्या बाईच्या तोंडून येईल, आणि फार हळू आवाजात येईल. ते ऐकण्याएवढे आपण जवळ बसले पाहिजे.

झाकल्या मुठीचे मोल सव्वा लाख असते ते बाजारात. घरात आणि जिवलगांत ती वेळेवर उघडली, तर निदान हाताला हात देता येतो.